ग्लासातलं लाल पाणी

१

भांडुपच्या बाजारगल्लीत गवसांच्या चहापावडरीच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, पाण्यानं भरलेला एक काचेचा ग्लास असायचा. त्याची गत घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी झाली होती. भरवसा सगळ्यांचा, पण त्याला विचारत कोणी नव्हतं.

मागच्या भिंतीवर पाटी होती: ‘आमचा चहा चिमूटभर या गार पाण्यात टाकून बघा. रंग लगेच सुटला तर तो चहा नव्हे, भेसळ.’ खऱ्या चहाचा रंग गार पाण्यात चटकन उतरत नाही आणि वरून फासलेला रंग मात्र पडल्यापडल्या सुटतो, एवढंच त्यातलं शास्त्र. सुरुवातीला लोकांनी चिमटी टाकून पाहिल्या असतील. पुढे सवय मोडली. दत्ताराम गवस रोज सकाळी तो ग्लास स्वतःच्या हातानं घासून, पाणी बदलून ठेवायचे आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे न बघता पिशवी पुढे करायची. गवसांच्या चहात बघायचं काय!

म्हणून तर माधुरी टीचरनी हेच दुकान निवडलं. शाळेतल्या मुलांसाठी त्यांना ‘भेसळ कशी ओळखाल’ असा व्हिडिओ करायचा होता आणि शुद्ध माल कसा असतो ते दाखवायला याहून चांगली जागा कुठली? त्यांनी मोबाईल स्टँडवर लावला, केस सारखे केले आणि काउंटरवरच्या मोठ्या पिंपातून चिमूटभर पावडर उचलली.

“मुलांनो, आता नीट बघा हं. पाणी जसंच्या तसं राहील.”

दाणे तळाकडे निघाले आणि त्यांच्यामागून लालभडक रेघा सुटल्या. माधुरी टीचर हसत होत्या. ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि ग्लासातलं पाणी लाल होत गेलं.

“आयला! वाट लागली,” रांगेतून कोणीतरी म्हणालं.

दत्तारामांचा मुलगा राजेश धावत पुढे आला. त्यानं ग्लास उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला. मग मागच्या खोलीच्या दाराकडे वळून ओरडला, “धोंडिरामकाका, बाहेर या!”

धोंडिराम शेजवळ हातातली चाळणी घेऊनच बाहेर आले. परभणीकडचा हा माणूस उमेदीच्या वयात या दुकानात आला तो इथलाच झाला. पोती फोडायची, चहा चाळायचा, मिश्रण करून पिंपात ओतायचं, हे सगळं त्यांच्या हातचं.

“मालाला हात तुमचा लागतो ना? मग हे काय आहे? बोला ना!”

धोंडिरामांनी ग्लासाकडे पाहिलं. मग दत्तारामांकडे पाहिलं. दत्ताराम काउंटरला धरून उभे होते. धोंडिरामांनी चाळणी खाली ठेवली, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले.

“हो. मीच मिसळलं,” ते म्हणाले.

भिंतीवरच्या दोन हुकांना दोन कप टांगलेले होते. त्यातला एक त्यांनी काढला, पिशवीत टाकला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

रांगेत जयंती साळवे पिशवी घेऊन उभ्या होत्या. अन्न निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी भेसळवाले पकडण्यात गेली होती. भेसळ करणारा माणूस आधी ‘मला माहीत नाही’ म्हणतो, मग माल देणाऱ्यावर ढकलतो, मग रडतो. पहिल्याच वाक्याला गुन्हा कबूल करणारा माणूस जयंतीबाईंनी आजवर पाहिला नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच दत्तारामांचं बोलावणं आलं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. व्हिडिओ तोवर भांडुपभर फिरला होता आणि राजेश धोंडिरामांविरुद्ध पोलिसात जायच्या गोष्टी करत होता.

“जयंतीबाई, तुम्ही जन्मभर हेच केलंत. हे कोणी केलं ते शोधून काढा,” दत्ताराम म्हणाले.

“त्यांनी कबूल केलंय ना?”

“धोंडू खोटं बोलतोय.”

“कशावरून?”

“धोंडू माझ्याशी चहाबद्दल कधी खोटं बोलला नाही. हे पहिलंच.” त्यांचे डोळे भरून आले. “राजेश त्याला चोर म्हणून उभा करील. या वयात, लेकीच्या सासरच्या लोकांपुढे. ते मला बघवणार नाही. जे असेल ते बाहेर काढा. माझंच नाव का निघेना.”

बोलता बोलता त्यांनी मागच्या शेगडीवर चहा ठेवला. माणूस घरी आला की चहा झालाच पाहिजे, दुकान बुडालं तरी. पावडर त्यांनी काउंटरखालच्या एका छोट्या पितळी डब्यातून घेतली. तो डबा ते रोज घरून पिशवीतून आणायचे. त्यांचा स्वतःचा चहा त्यातला असायचा.

“तुम्हाला सांगतो, धोंडू पहिल्या दिवशी आला ना, तेव्हा मी त्याला चहा दिला. तर हा कप घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसला. वर म्हणतो, ‘पिऊन झाला की मीच धुऊन ठेवतो, शेठ.’ त्याच्या गावाकडे तशीच रीत. मला कसंतरीच झालं. मी त्याच्या हातातला कप घेतला, अर्धा चहा बशीत ओतला, बशी मी प्यायलो आणि कप त्याला दिला. म्हटलं, आमच्याकडे माल असाच चाखतात. दोघांनी एकाच कपातून. तेव्हापासून नवीन मिश्रण केलं की एक कप आणि एक बशी. चांगलं असेल तर तो मान हलवायचा, नसेल तर तोंडावर सांगायचा, ‘दत्ता, हे फेक.’”

शेगडीवर दूध करपू लागलं होतं. करपट वास दुकानभर पसरला. दत्ताराम पातेल्याला टेकूनच उभे होते, पण बोलण्याच्या भरात त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. जयंतीबाईंना गलबलून आलं. माणूस आतून कोलमडला की असंच होतं, त्यांना वाटलं.

चहा पार करपला होता. जयंतीबाईंनी घोट घेतला.

“कसा झालाय?”

“छान झालाय,” त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरच्या चहाला नावं ठेवू नयेत हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं.

दत्तारामांनी आपला कप उजेडाकडे धरला आणि खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले. “रंग बघा. आहे की नाही?”

जयंतीबाईंचं लक्ष मात्र भिंतीवर होतं. एक हूक रिकामा होता, दुसऱ्यावर एक कप. “काल इथे दोन कप होते. तुम्ही तर एकच म्हणालात.”

दत्तारामांचा चेहरा बंद झाला. “हल्ली दोन असतात. गेल्या गणपतीनंतर मी माझा वेगळा केला.”

“का?”

“ते सोडा हो.”

जयंतीबाईंनी कप खाली ठेवला. वेगळा कप म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांचे आजोबा ज्या वाड्यावर राबायचे तिथे त्यांचा कान तुटलेला कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. त्या स्वतः साहेब होऊन पहिल्या नेमणुकीवर गेल्या, तेव्हा ऑफिसातल्या शिपायानं त्यांच्यासाठी वेगळा स्टीलचा ग्लास ठेवला होता. कोणी काही बोललं नव्हतं. असल्या गोष्टी कोणी बोलत नाही.

आणि इथे आयुष्यभर एका कपातून चहा पाजून, मग एक दिवस कप वेगळा केला. धोंडिरामांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? पावडरीत विष नसतं कालवलं, पण रंग? जयंतीबाईंना स्वतःच्या उत्तराची भीती वाटली.

३

राजेशला काही लपवायची सवयच नव्हती. “ताई, सरळ आहे. बाबांनी काकांचा कप वेगळा केला. का केला मला माहीत नाही, मी विचारलंही. ओरडले माझ्यावर. त्या दिवसापासून काका कामापुरतं बोलायचे. राग धरला त्यांनी, दुसरं काय?”

“आणि तुमचं काय? तुम्ही दुकान कुठल्याशा कंपनीला द्यायला निघाला होतात. गुलाबाचा चहा, चॉकलेटचा चहा. वडील नाही म्हणत होते.”

“म्हणून मी बापाचं नाव बुडवीन? यार ताई, कंपनीला हवं होतं ते गवस हे नावच! व्हिडिओ बघितला आणि पळाले ते. आता हे दुकान कोणी फुकटातही घेणार नाही.” त्याचा आवाज चिरकला. “शाळेत मला चहावाल्याचा पोरगा म्हणून चिडवायचे ना, तेव्हा मी त्यांना इथे आणून ग्लास दाखवायचो.”

तो खोटं बोलत नव्हता. जयंतीबाईंनी बाह्या सरसावल्या आणि आपलं जुनं काम सुरू केलं.

ओल्या टिपकागदावर दाणे पसरले की रंगवलेल्या दाण्याभोवती लाल ठिपका उमटतो. त्यांनी आधी मागच्या खोलीतली पोती तपासली. एकही ठिपका नाही. म्हणजे माल येताना स्वच्छ होता. मग पिंपाच्या वरच्या थरातले दाणे घेतले. कागदावर गोवर उठल्यासारखे ठिपके. मधल्या थरात कमी. तळाशी जवळजवळ नाहीत.

जयंतीबाई स्टुलावर बसल्या आणि विचार करू लागल्या. फायद्यासाठी भेसळ करणारा पोत्यानं करतो, असं मूठमूठ कोण घालतं? आणि धोंडिराम तर मागच्या खोलीत सगळं मिश्रण एकत्र करून पिंपात ओतायचे. त्यांनी रंगीत पावडर घातली असती तर ती वरपासून खालपर्यंत सारखी मिसळली असती. ही पावडर कोणीतरी वरून, थोडी थोडी, पुन्हा पुन्हा घातली होती.

“राजेश, भरलेल्या पिंपात वरून कोणी काही घालतं का हो?”

“नाही. म्हणजे... बाबांची मूठ सोडली तर.”

“मूठ?”

“दुकान उघडलं की बाबा मूठभर चहा पिंपात टाकतात. जुनी रीत आहे त्यांची. विरजण लावल्यासारखं. पहिल्यापासूनच्या चहाची चव त्यानं नव्यात उतरते म्हणे. हल्ली मूठ त्यांच्या त्या पितळी डब्यातली असते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.”

जयंतीबाईंनी काउंटरखालचा पितळी डबा उघडला आणि त्यातली चिमूट ओल्या कागदावर सोडली. सगळा कागद लाल झाला.

४

धोंडिराम चारकोपला लेकीकडे, चेतनाकडे, होते. सेक्टरातल्या बैठ्या घरात, पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसले होते. शेजारी खिडकीत त्यांचा कप धुऊन उपडा ठेवलेला होता.

“तुम्ही काही केलेलं नाही. मूठ दत्तारामांची आहे,” जयंतीबाई म्हणाल्या.

धोंडिराम दचकले नाहीत. “तुम्हाला कळलं तर.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“बरेच दिवस झाले. दत्तानं ओल्या हातानं मूठ घातली आणि रुमालाला हात पुसला. रुमाल लाल. रंग ओळखायला मला ग्लास लागत नाही, ताई.”

“मग विचारलं नाहीत?”

“कसं विचारू? कप एक असता तर विचारलं असतं.”

जयंतीबाई पुढे सरकल्या. “त्यांनी तुमचा कप वेगळा केला. म्हातारपणी जात आठवली त्यांना. आणि तरी तुम्ही त्यांचा गुन्हा अंगावर घेतलात? का?”

“त्यानं शेवटी कप वेगळा केला, ते त्याचं. मी पहिला कप विसरलो नाही, ते माझं.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “गर्दीपुढे उभा होता हो तो. पडला असता तिथेच. माझं काय, मला कोण ओळखतं? नाव त्याचं पाटीवर आहे. तुम्ही आता हे कोणाला सांगू नका.”

त्याच वेळी ते दाराकडे वळून म्हणाले, “चेतना, दूध लागलं बघ.”

आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. “लागलंच जरासं, आप्पा!”

जयंतीबाईंना तर वासही आला नव्हता अजून. आता आला, अगदी हलकासा. आणि त्या बसल्या जागी ताठ झाल्या.

भिंतीपलीकडच्या दुधाचा वास या माणसाला आला. आणि त्याच तोलामोलाचा, त्याच्याबरोबर जन्मभर चहा चाखलेला दुसरा माणूस करपणाऱ्या पातेल्याला टेकून उभा होता, त्याला कळलं नाही. आपण म्हटलं, दुःखानं लक्ष नाही. त्यानं कप नाकाजवळ नेलाच नाही, उजेडाकडे नेला. रंग बघा म्हणाला. आणि मुळात, स्वतः भेसळ करणारा माणूस ‘माझं नाव का निघेना’ म्हणत निरीक्षकाला बोलावून आणतो?

“गेल्या गणपतीनंतर,” त्यांनी विचारलं, “दत्ताराम आजारी होते का?”

“मोठा ताप आला होता. बरेच दिवस अंथरुणाला होता. उठून दुकानात आला आणि पहिलं काम केलं ते कप वेगळा करायचं.”

जयंतीबाई उठल्या. आपण आणि हा माणूस, दोघांनी एकच चूक केली होती. आपल्यासारख्यांनाच ती करता येते, कारण वेगळ्या कपाचा दुसरा अर्थ आपल्याला कोणी कधी शिकवलाच नव्हता.

“पुन्हा येते. चहा राहिला,” त्या म्हणाल्या.

५

दत्तारामांच्या बायकोनं, विमलावहिनींनी, दार उघडलं आणि जयंतीबाईंच्या हातातला पितळी डबा बघून त्या तशाच उभ्या राहिल्या.

“वहिनी, हा डबा कोण भरतं?”

“मीच.” त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांची गावाकडची भाषा आपोआप तोंडात आली. “गणपतीनंतर ह्यांका ताप इलो. ताप गेलो, पण ह्यांचा नाक घेऊन गेलो. नाकाबरोबर चवय गेली. माका कधी बोलले नाय. एक दिवस गॅस तसोच चालू ऱ्हवलो आणि हे बाजूक बसून पेपर वाचत होते. तेव्हा माका समाजला.”

“डॉक्टर?”

“डॉक्टराकडे जावचा तर सांगूक नको? आणि चहावाल्याचा नाक गेला म्हणून कोणाक सांगतले?” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “रोज म्हणत, चहाक दम नाय, धोंडूचा लक्ष नाय. एक दिवस म्हणाले, धोंडूक आता घरी बसवूचो लागतलो. इतक्या वर्षांचो माणूस, जयंतीबाय! माझ्या राजेशच्या बारशाक पाळणो तेणी बांधलेलो. मग मी मुलुंडच्या बाजारातसून कडक रंगाची सुटी पावडर हाडली आणि ह्यांच्या डब्यात थोडी थोडी मिसळली. कप काळोभोर दिसलो. हे खूश. म्हणाले, ‘आज धोंडूचो हात परत इलो.’”

“ती पावडर ग्लासात टाकून बघितली नाहीत?”

“नाय. बघितलंय असता तर टाकून देऊची लागली असती.”

जयंतीबाईंनी आयुष्यात पुष्कळ भेसळवाले पाहिले होते, त्यांच्यावर ओरडल्या होत्या, त्यांना कोर्टात उभं केलं होतं. आता त्यांनी हातातला डबा वहिनींच्या पुढ्यात ठेवला.

“ती मूठ पिंपात जात होती, वहिनी. रोज. लोकांच्या घरी गेली.”

“मूठ तर कालच्या पिंपातली घेतत ना?” त्यांचे डोळे विस्फारले. “डब्यातली? देवा रे! धोंडूक वाचवूक गेलंय आणि मीच तेका चोर केलंय.”

“दत्तारामांना आता सांगावं लागेल.”

“ते मरतले.” त्यांनी जयंतीबाईंचा हात घट्ट धरला. “माझा नाव सांगा, कायव सांगा. पण नाकाचा सांगू नका.”

६

पण सांगितल्याशिवाय धोंडिराम सुटत नव्हते. दोघी दुकानात गेल्या तेव्हा दत्ताराम रिकामा ग्लास घासत बसले होते. राजेश शटरपाशी उभा होता.

“दत्तारामभाऊ,” जयंतीबाई म्हणाल्या, “परवा तुम्ही मला दिलेला चहा करपला होता.”

त्यांचा हात थांबला. “तुम्ही तर छान म्हणालात.”

“पाहुणी होते ना.”

दत्तारामांनी बायकोकडे पाहिलं. त्या रडत होत्या. मग मुलाकडे पाहिलं. राजेशनं मान खाली घातली. त्याच्या मनात आले असतील गेल्या काही महिन्यांतले कितीतरी करपलेले, फिके, खारट कप, जे त्यानं बापाचं मन राखायला ‘झकास’ म्हणून संपवले होते.

“म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं,” दत्ताराम म्हणाले.

विमलावहिनींनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मुलुंडचा बाजार, डबा, न बघितलेला ग्लास. दत्ताराम ऐकत राहिले. चिडले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

“मला वाटायचं, घरच्या डब्यात मुरला की हाच चहा काय खुलतो! एवढा चांगला चहा मी एकट्यानं का प्यायचा? लोकांनाही मिळू दे. म्हणून त्यातली मूठ टाकायला लागलो.” त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. “माझ्याच हातानं गेलं सगळं.”

“कप का वेगळा केलात, ते मी सांगू?” जयंतीबाईंनी हळूच विचारलं. “एका कपातून प्यायलात तर धोंडिराम म्हणतील, आज आलं जास्त झालंय, आज धूर लागलाय. आणि तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही. तुम्ही पकडले जाल.”

“दुसऱ्या कोणाला फसवता येतं हो. धोंडूला एका घोटात कळलं असतं.” मग त्यांना काहीतरी उमजलं आणि त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. “त्याला काय वाटलं? जयंतीबाई, धोंडूला काय वाटलं?”

वळचणीतला कान तुटलेला कप जयंतीबाईंच्या डोळ्यांपुढून हलेना.

दत्तारामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नाव गेलं तेव्हा, नाक गेलं तेव्हा, कधीच न रडलेला माणूस हुंदके देऊन रडला.

त्यानंतर जे करायचं ते त्यांनी स्वतः केलं. माधुरी टीचरना बोलावून त्याच मोबाईलपुढे उभे राहिले. “मुलांनो, पाणी लाल झालं ते माझ्या हातानं. माझं नाक गेलंय आणि मी ते लपवलं. धोंडिराम शेजवळांनी काही केलेलं नाही. आमच्या पुड्या घरात असतील त्या आणून द्या.” लोकांनी आणल्याही. बऱ्याच जणांना आणून देताना रडू आलं. पिंप सरकारी माणसं सील करून घेऊन गेली, जयंतीबाईंनीच त्यांना बोलावलं होतं. दुकान पुन्हा उघडायचं नाही असं दत्तारामांनी सांगितलं. चव नसलेल्या माणसानं चहा विकू नये, म्हणाले, आणि त्यांना कोणी समजवायला गेलं नाही.

पाटी उतरवायच्या दिवशी धोंडिराम आले. चेतनानं व्हिडिओ दाखवला होता. ते आत आले नाहीत. पहिल्या दिवशी बसले होते त्याच पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

“कप मी वेगळा धुऊन हुकाला लावायचो, दत्ता,” ते म्हणाले. “रोज. आणि रोज वाटायचं, आज तू म्हणशील, राहू दे.”

“मला वाटायचं, तू विचारशील.”

“मी नाही विचारू शकत रे. तू सांगायचं होतंस.”

“हो. मीच सांगायचं होतं.”

जे गेलं होतं ते दोघांनाही परत आणता येण्याजोगं नव्हतं आणि दोघांनाही ते कळत होतं. दत्ताराम आत गेले. शेगडीवर शेवटचा चहा त्यांनी एकट्यानं केला, कोणाला जवळ येऊ दिलं नाही. करपट वास शटरपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना आला. विमलावहिनी पुढे व्हायला लागल्या, तर जयंतीबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

ते एक कप आणि एक बशी घेऊन बाहेर आले आणि पायरीवर धोंडिरामांच्या शेजारी बसले. अर्धा चहा बशीत ओतला. थोडा सांडला. कप त्यांनी धोंडिरामांपुढे धरला.

धोंडिरामांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग कप घेतला. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

“कसा झालाय?” दत्तारामांनी विचारलं. त्यांचा सगळा जीव त्या प्रश्नात गोळा झाला होता. विमलावहिनींनी डोळे मिटून घेतले.

“करपलाय, दत्ता.”

“करपलाय?”

“पार. आणि आलं शिळं आहे. साखर दोनदा घातलीस.”

दत्ताराम हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. तापातून उठल्यापासून त्यांचा चहा पिऊन तोंडावर खरं कोणी सांगितलं नव्हतं.

“अजून सांग,” ते म्हणाले आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.